आबासाहेबांविषयी तुमचे मत स्पष्ट करा

नाही, पण मी म्हणतो, बापाने मुलीला अभ्यासात मदत करायचीच नाही का? करायची नसेल तर तसं सांगा, मी आपला बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत बसतो! नाही केली मदत, की 'तुमचं घरात लक्षच नाही', आणि केली, की थेट शाळेतून फोन... 'क्षिप्राचे बाबा ना? उद्या जरा येऊन जाल का?' आणि त्या फोनवर, तुम्हाला सांगतो, बाई हसू दाबत होत्या! मला कळतं हो! सबंध नोकरी केंद्र सरकारात गेली माझी, कोण तोंडावर हसतंय आणि कोण तोंड दाबून हसतंय, एवढं तर कळतंच की. बरं, मी केलं काय होतं? नाटकावरच्या एका उत्तराचा आराखडा करून दिला होता. आता यात माझं काय चुकलं?

थांबा, असं नाही कळायचं. पहिल्यापासून सांगतो. आम्ही गाझियाबादला राहतो. मी, आमची कुमुद, आणि क्षिप्रा. क्षिप्रा यंदा बारावीला. तिने मराठी घेतलंय, आणि तेसुद्धा हौसेने! दिल्लीतली पोर, 'बाबा, घालमेल म्हणजे मिक्सिंग का?' असं विचारणारी, पण वर्गात मराठीला मुली मोजून चार आणि त्यात ही पहिल्या बाकावर. बरं, तिथंही थांबली नाही. दिवाळीत, मी फराळाला बसलोय, चकलीचा पहिला तुकडा तोंडात, आणि ही म्हणते, 'बाबा, बारावीनंतर मी पुण्याला जाऊ? मराठी साहित्य आणि नाटक शिकायला?' नाटक! अहो, आमच्या घराण्यात नाटक कुणी केलं असेल तर ते फक्त पोटदुखीचं, शाळा बुडवायला! आणि पुणं काय इथं कोपऱ्यावर आहे? मी चकली नीट चावली, गिळली, आणि शांतपणे म्हटलं, 'आधी मार्क तर येऊ देत. बघू.'

आता बघा हं. नाही म्हटलं का मी? नाही! हो म्हटलं का? तेही नाही! प्रकरण विचाराधीन ठेवलं. कुणाचं मन मोडलं नाही, कशावर सही केली नाही. आता यात माझं काय चुकलं?

तर मार्क आले. सहामाहीला मराठीत पोरीचे मार्क गेले कुठे, तर नाटकाच्या मोठ्या प्रश्नांत. उत्तरा मॅडमनी, म्हणजे तिच्या मराठीच्या बाईंनी, लाल शाईत शेरा मारला होता, 'मत चांगलं आहे, मांडणी विस्कळीत. लिहायला बसण्याआधी आराखडा कर.' आराखडा! हा शब्द वाचला आणि माझ्या अंगात वारंच संचारलं! अहो, दुसरं काय केलंय मी जन्मभर? सेक्शनमध्ये फाईल आली की तिच्यावर टिप्पणी लिहायची ती मी! माझी टिप्पणी वाचून सहसचिवांनी एकदा म्हटलं होतं, 'विलास, इसमें से कोई कुछ नहीं निकाल सकता.' कौतुकानेच म्हणाले असणार.

रविवारी जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सारली आणि म्हटलं, 'आण ते नाटक.' नाव नाही सांगत नाटकाचं, सरकारी नोकर आहे, उगाच कशाला? तीन अंकी आहे. त्यात एक आबासाहेब आहेत. त्यांच्या मुलीला, सुमनला, शहरात जाऊन नर्सिंग शिकायचंय. ती पहिल्या अंकात विचारते, 'आबा, जाऊ?' आबासाहेब म्हणतात, 'पाऊसपाणी होऊ दे, बघू.' दुसऱ्या अंकात विचारते, तर म्हणतात, 'दादाचं लग्न उरकू दे, बघू.' तिसऱ्या अंकात ती विचारतच नाही, ट्रंक उचलते आणि चालायला लागते, आणि हे महाशय ओसरीवर उभे, रिकाम्या घराला म्हणतायत, 'बघू...' पडदा! अहो, मला इतकी चीड आली! असा कसा हा नेभळट माणूस? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला! मी दोघींना तसं बोलूनही दाखवलं. कुमुद माझ्याकडे बघतच राहिली. म्हटलं, 'काय झालं?' तर म्हणे, 'काही नाही, आमटी वाढू का?'

आता प्रश्न असा होता, 'आबासाहेबांविषयी तुमचे मत सोदाहरण स्पष्ट करा.' म्हटलं, लिही. आधी पार्श्वभूमी. प्रस्तुत प्रकरणी अर्जदार सुमन हिने वडिलांकडे परवानगी मागितली आहे. मग पूर्वदाखला, गावातून याआधी कोणी मुलगी गेली आहे काय? मग दोन्ही बाजू. एकीकडे असं दिसून येतं, दुसरीकडे तसंही नाकारता येत नाही. क्षिप्रा लिहिता लिहिता थांबली. 'बाबा, पण माझं मत कुठे लिहू?' म्हटलं, 'मत? आपण मत द्यायचं नसतं, बेटा. आपण सादर करायचं असतं. मत वरचे साहेब देतात.' 'यार बाबा, इथे साहेब कोण आहे?' 'परीक्षक! शेवटी लिही, तरी परीक्षक महोदयांनी योग्य तो निर्णय घ्यावा ही विनंती.' पोरीने पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. आता यात माझं काय चुकलं? बिल्कुल सुरक्षित उत्तर होतं! यावर कुणाची चौकशी लागूच शकत नाही!

तेवढ्यात आमचा भाचा निखिल आला. बहिणीचा मुलगा, लातूरकडचा, दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन यूपीएससीची तयारी करतोय आणि रविवार आला की मामीच्या हातचं जेवायची तयारी करतो. त्याने पान पाहिलं, ओठ मुडपले. 'मामा, टॉपर असं लिहीत नसतेत. आयाम पायजेत आयाम!' म्हटलं, कसले आयाम? 'सामाजिक, आर्थिक, प्रशासकीय, पर्यावरणीय...' 'पर्यावरणीय?' 'दुसऱ्या अंकात अंगणातला लिंब तोडतेत की मामा! आणि ऐतिहासिक आयाम, पानिपत.' अरे, पानिपत कुठून आलं मध्येच? तर तोंडात पोळी तशीच ठेवून म्हणतो, 'वेळेवर निर्णय न घेण्याचे परिणाम! मामा, पानिपत कोणत्याबी उत्तरात बसतंय. मी तर एकदा दूध उत्पादनावरच्या उत्तरात बसवलं होतं.' म्हटलं, मग? 'मग काय, राहिलं थोडक्यात.' आणि शेवटी त्याचं ते 'वे फॉरवर्ड' पाहिजेच! म्हणजे आबासाहेबांसारख्या पालकांसाठी जिल्हा पातळीवर समुपदेशन केंद्र उभारावं! अहो, तिकडे पडदा पडलाय, बाप ओसरीत उभा आहे, आणि हा जिल्हा पातळीवर केंद्र काढतोय!

यात आमच्या कुमुदचं तिसरंच. स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आली. 'काय गं, ती सुमन एवढी पहाटे निघाली, तर कुणी तिला खायला बांधून दिलं की नाही?' मी म्हटलं, 'कुमुद, हे साहित्य आहे, इथे डबा नसतो.' तर क्षिप्रा ताडकन सरळ बसली! 'नाही बाबा, वेट! आबासाहेब ट्रंकेवर शिदोरी ठेवतात. तोंडाने काही बोलत नाहीत, पण शिदोरी ठेवतात. आई, हा मुद्दा भारी आहे!' आणि लागली लिहायला. म्हणजे मी तासभर डोकं फोडलं त्याचं काही नाही, आणि दशम्या जिंकल्या!

मग वाद झाला. मी म्हटलं, माझ्या पद्धतीने लिही. ती म्हणते, माझ्या. शेवटी म्हणाली, 'अच्छा, चलो. प्रीलिममध्ये नाटकावर दोन मोठे प्रश्न असतात. एक तुमच्या पद्धतीने लिहिते, एक माझ्या. माझ्यात जास्त मार्क पडले तर तुम्ही मला पुण्याचं सांगायचं. हो किंवा नाही. मधलं काही चालणार नाही.' आणि रोखून बघायला लागली हो माझ्याकडे! निखिल बघतोय, कुमुद झारा धरून बघतेय... मी काय म्हणणार? म्हटलं, 'बघू.' निखिलला ठसकाच लागला. पोळी कोरडी असेल.

तर प्रीलिम झाली आणि तो फोन आला. कुमुदला घेतलं, कॅज्युअल लीव्ह टाकली, मेट्रोने शाळा गाठली. टीचर्स रूममध्ये उत्तरा मॅडम बसलेल्या, समोर उत्तरपत्रिका. म्हणाल्या, 'बसा. एक वाचून दाखवते.' आणि काय सांगू तुम्हाला, अख्ख्या खोलीपुढे, मोठ्याने, '"प्रस्तुत प्रकरणी आबासाहेब दोषी आहेत असे म्हणता येणार नाही, तथापि ते निर्दोष आहेत असेही ठामपणे नमूद करता येत नाही. प्रकरण परीक्षक महोदयांच्या योग्य त्या आदेशार्थ सादर."' बास! गणिताचे सर डोळे पुसतायत, संस्कृतच्या बाईंनी पदरात तोंड लपवलं, चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा कपबशी खडखडवत हसतोय! त्या कार्टीने शब्दन् शब्द तसाच लिहिला होता, खाली जागा सोडून 'स्वाक्षरी' सुद्धा! दहापैकी दोन. मॅडम म्हणाल्या, 'तेही अक्षराचे.' कुमुद... माझी बायको हो, सात फेरे घेतलेली... ती सगळ्यांत जोरात हसत होती! आता यात माझं काय चुकलं?

मग मॅडम म्हणाल्या, 'आता दुसरं ऐका. हे तिचं.' आणि त्यांचा आवाजच बदलला. '"आबासाहेब दुष्ट नाहीत. ते घाबरलेले आहेत. ते मुलीला हो म्हणत नाहीत, कारण हो म्हटलं तर ती जाईल. नाही म्हणत नाहीत, कारण नाही म्हटलं तर ती मनातून जाईल. म्हणून ते बघू म्हणतात. त्यांना वाटतं, फाईल टेबलावर पडून आहे तोपर्यंत मुलगी घरात आहे. सुमनला हे सगळं कळतं. तिला राग येत नाही. तिला फक्त एवढंच वाटतं, की आपल्या बाबांनी एकदा तरी आपल्याला जा म्हणावं, म्हणजे पाय उचलायला सोपं जाईल."'

मॅडमनी चष्मा काढला. 'दहापैकी नऊ दिलेत. एकच कापला. का, तर नाटकात फाईल कुठे आहे हो? आणि सुमन वडिलांना आबा म्हणते. हे बाबा कोण?'

कुणी हसलं नाही. मी आपला टेबलावरचा डस्टर बघत बसलो. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. राग आला, तोही स्वतःचाच. आणि त्या सगळ्याच्या वर, असलं अवघड इतकं सोपं लिहिणारी पोर आपली आहे म्हणून छाती भरून आली. कुमुदने माझ्या हातावर हात ठेवला. हसत नव्हती आता.

बाहेर आलो. शाळेच्या गेटसमोर छोले-कुलचेवाला असतो, तिथं क्षिप्रा उभी, नखं खात. मला बघून म्हणाली, 'बाबा, रागावलात?' मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षांत मी कुठल्या कागदावर 'हो' लिहिलं नाही, 'नाही' लिहिलं नाही, जे लिहिलं ते सगळं कुणाच्या तरी आदेशार्थ! आणि तिथं, भर रस्त्यात, ई-रिक्षाचे हॉर्न वाजतायत, डोळ्यांत पाणी, आणि मी म्हटलं, 'जा.' म्हटलं, 'जा बेटा पुण्याला. खुशाल जा. मी सांगतोय.' पोरीने गच्च मिठी मारली. मलाही वाटलं, चला, आयुष्यात एक निर्णय घेतला, आणि वर कुणाची सही नाही!

आणि मिठीतूनच, अगदी बारीक आवाजात, 'थँक्यू बाबा... पण सॉरी... फॉर्म डिसेंबरमध्येच भरला. आईने सही केली.' मी कुमुदकडे बघितलं. ती कुलचेवाल्याकडे बघत होती. 'हॉस्टेलचंही विचारून ठेवलंय,' म्हणाली, 'तुमच्यापर्यंत यायची वाट बघत बसलो असतो, तर पोर इथंच म्हातारी झाली असती.' म्हणजे बघा! काम आधी उरकायचं आणि साहेबाची मान मागाहून डोलवून घ्यायची, याला आमच्या ऑफिसात म्हणतात कार्योत्तर मंजुरी. जन्मात एकदा स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतला, आणि तो निघाला कार्योत्तर!

कुलचेवाल्याने विचारलं, 'साब, प्याज डालूँ?' मी दोन्ही बाजूंचा विचार करून तोंड उघडेपर्यंत मायलेकी एका सुरात म्हणाल्या, 'डालो, डालो!' त्याने घातलासुद्धा. मग काय करतो... मी प्लेटकडे बघितलं, आणि म्हटलं, 'मंजूर.'