बत्तिशीचा हिशेब

दाताच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसलेल्या मामाची दाढ काढायची होती आणि त्याला धीर द्यायला भाची सोबत आली होती. समोरच्या आजोबांनी मासिक डोळ्यांपुढे धरलं होतं, पण कान मिटून घ्यायची सोय नव्हती.

“मामा, ऊठ. आता आपलाच नंबर.”

“थांब गं. दहा झाले की पुन्हा एकापासून का मोजतात, ठाऊक आहे?”

“का?”

“फार पूर्वी माणसं बोटांवर मोजायची. बोटं संपली की पुन्हा पहिलं बोट.”

“दातांवर का नाही मोजलं? बत्तीसपर्यंत गेले असते.”

“तोंडात बोट घालून आकडा बोलून दाखव बरं.”

“ऑक.”

“बघ. म्हणून बोटं जिंकली. आता शून्याची गोष्ट ऐक.”

“ती घरी. डॉक्टर दारात उभे आहेत.”

“अगं, पण बत्तिसातला एक गेला तर माझा हिशेब जन्माचा चुकेल.”

“नाही चुकत. दाढ मागून घे आणि मुठीत धर.”

“त्यानं काय होणार?”

“एकतीस तोंडात, हातचा एक. चल.”

मामा उठला. आजोबांनी मासिकाआड, जिभेनं, आपले दात मोजायला घेतले.