पाठ फिरवून बसलेली बाई

नाही नाही, साहेब, खुर्ची इकडे घ्या, माझ्या समोर — बाजूला बसलात तर मला मान वळवावी लागेल, आणि मान आज वळत नाहीये. म्हणजे वळते, पण तिच्या मर्जीनं. हां, असं. आता दिसताय. आता तक्रारीतलं ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा बरं. ‘सदर महिला कर्मचारी आमच्याकडे उद्धटपणे पाठ फिरवून बसून राहिल्या.’ उद्धटपणे! बारा वर्षं झाली मला या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारताना, ड्रायव्हर लोक मला ‘भोंगाताई’ म्हणतात, मागून नव्हे, तोंडावर — आणि मी कधी कुणाला उलट उत्तर दिलेलं नाही. विचारा कुणालाही. उद्धट म्हणे. अहो, उद्धटपणा करायला आधी मान तरी हलायला हवी ना माणसाची!

काय झालं ते सांगते. सरळ सांगते, तुम्ही लिहून घ्या. काल दोन वाजून दहा मिनिटांनी आगारातून फोन आला — फोन इथे मागे, भिंतीकडे, दिसला? तो घ्यायला मला असं पूर्ण मागे वळावं लागतं. तर फोन आला, की तीन नंबरच्या फलाटावर एक गाडी बंद पडलीय, अडीचची गाडी सात नंबरच्या फलाटावर लावलीय, पुकारा. पुकारते म्हटलं. फोन ठेवला. आणि ठेवला तो हात तिथंच राहिला. मान तिथंच. कंबर तिथंच. कुलूप लागल्यासारखं. कळ नाही का आली? आली की. पण कळेचं काय, कळ रोजची आहे. कळ येते, आपण दात खातो, काम होतं. हे वेगळं असतं — हात ‘हो’च म्हणत नाही. तुम्ही आतून ढकलताय, ढकलताय, आणि तो फोनवर पडलाय, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. माईकचं बटण एवढंसं — दीड हात लांब. दीड हात! चाळीस मिनिटं मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत बसले. पाठ आहे मला ते. तरी वाचलं.

काय म्हणालात? वय? चौतीस. हां, येऊ द्या तो प्रश्न, मी वाटच बघत होते — ‘इतक्या लहान वयात संधिवात?’ साहेब, मला नवव्या वर्षी झालाय. नवव्या. शाळेत पळण्याच्या शर्यतीत पहिली आले होते, आणि पुढच्या आठवड्यात एका सकाळी उठायला गेले तर गुडघे विटांसारखे. वडील म्हणाले, नाटकं. गणिताची चाचणी होती ना त्या दिवशी, त्यांचंही चुकलं नाही म्हणा. अकरा महिने — अकरा — एक डॉक्टर म्हणे वाढीचं दुखणं, दुसरा म्हणे वारं लागलं, तिसरा म्हणे मुलगी लाडावलीय. मग मोठ्या इस्पितळातल्या एका बाईंनी माझी बोटं हातात घेतली, दाबली नाहीत हं, नुसती घेतली, आणि आईला म्हणाल्या, हिला खरंच दुखतंय. आई तिथंच रडायला लागली. मी नाही रडले. मला राग आला होता. अकरा महिने मी दुसरं काय सांगत होते?

तेव्हापासून हेच. दोन वर्षं दादानं पाठीवर बसवून शाळेत नेलं, पोरं त्याला हमाल म्हणायची. बरं, सगळ्यात वाईट काय आहे सांगू? वाईट दिवस नव्हेत. चांगले दिवस! शुक्रवारी मी जिना चढते, लोक बघतात. शनिवारी चमचा धरता येत नाही. मग लोक म्हणतात, काल तर चालत होतीस! जणू काही काल चालले तो गुन्हा, आज त्याची शिक्षा. रोज लंगडले असते तर बरं झालं असतं, लोकांना सवय झाली असती. हे असं कधी आहे, कधी नाही — याला ढोंगच म्हणतात. तुम्हीही मघाशी दारातून बघत होतात, मी पेला उचलून पाणी प्यायले ते. बघितलंत ना? मनात आलंच असेल. येऊ दे.

औषध? आहे ना औषध. आठवड्याला एक इंजेक्शन. वहिनी द्यायची घरी, हात हलका आहे तिचा. पण त्या इंजेक्शननं दुसरा सगळा दिवस उलट्या होतात, डोकं उचलवत नाही. म्हणून सोमवारी संध्याकाळी घ्यायचं आणि मंगळवारी सुट्टी — दहा वर्षं असं सुरळीत चाललं होतं. मग तुमच्या वरच्या कचेरीनं सुट्ट्या फिरत्या केल्या. या आठवड्यात गुरुवार, पुढच्यात रविवार. आता इंजेक्शन काय वेळापत्रक बघून चालतं? मंगळवारची रजा टाकायला लागले, तर चौथ्या रजेला पत्र हातात — ‘वारंवार रजा घेण्याच्या प्रवृत्तीबद्दल समज देण्यात येत आहे.’ प्रवृत्ती! मग काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सोडलं इंजेक्शन. वहिनीला सांगितलं डॉक्टरांनीच बंद केलंय, सुधारणा आहे म्हणून. किती खूश झाली ती, शेजारच्या बाईंना सांगून आली. चौदा आठवडे झाले. चौदा आठवड्यांत एक मंगळवार बुडवला नाही मी, हजेरीपट काढून बघा —

थांबा. हे लिहिलंत? हे नका लिहू. खोडा ते. साहेब, मी ओघात बोलले. याचा अर्थ तुमच्या कागदावर काय होणार, कळतं मला — ‘कर्मचाऱ्याने स्वतःच्या निष्काळजीपणाने उपचार बंद केले.’ झालं. पत्र तुमचं, सुट्ट्या तुमच्या, आणि निष्काळजीपणा माझा. खोडा.

बरं, ती तक्रार करणारी बाई. तिच्याबद्दल विचारा ना. नऊ मुली होत्या तिच्याबरोबर, परिचारिकेच्या प्रवेशपरीक्षेला निघालेल्या, चारचा पेपर. तीन नंबरला वाट बघत उभ्या. अडीच झाले, गाडी नाही. तेव्हा ती आली आणि या काचेवर हात आपटायला लागली — अहो बाई, ऐकताय का, अडीचची कुठाय? मला तिचा चेहरा नाही दिसला. आजही रस्त्यात भेटली तर ओळखणार नाही. आवाज तेवढा ओळखेन. आधी ‘अहो बाई’, मग ‘ए बाई’, मग नुसते हात. आणि मागून सातवरनं गाडी निघाल्याचं मला ऐकू आलं. अडीचचीच — तिचा दुसरा गिअर किंचाळतो. अर्धी रिकामी गेली असेल.

हो, शेजारी तिकीटवाला होता. मध्ये एक लाकडी पाटीशन, बस्स. तो शिंकला तरी मला ऐकू येतं.

हो. माझी हाकही त्याला ऐकू गेली असती.

. . . काय बघताय? हो, आवाजाला काय झालं होतं माझ्या? ठणठणीत होता. या आवाजावर तर पोट आहे माझं. ‘सातवर जा’ — दोन शब्द! मागे न बघता ओरडले असते तर काचेबाहेर त्या बाईला कळलं असतं. तिकीटवाल्याला हाक मारली असती तर त्यानं येऊन बटण दाबलं असतं. गाडी थांबवता आली असती. नऊ मुली, साहेब. मी मोजत होते ना आवाज, नऊ वेगवेगळे होते. एक रडत होती.

नाही ओरडले. का? कारण ओरडले असते तर तो आला असता. त्यानं मला असं बघितलं असतं — फोनवर हात ठेवून वाकडी बसलेली, पुतळ्यासारखी. मग चौघं आले असते, उचललं असतं, कुणी काखेत हात घातला असता, कुणी पाय धरले असते, दादाला फोन गेला असता, आणि उद्यापासून ‘ताई, तुम्ही घरीच आराम करा.’ म्हटलं, सुटेल. दोन मिनिटांत सुटेल. आधी सुटलंय तसं. होतं मध्ये मध्ये, कुणाला कळू दिलं नाही कधी — दोन मिनिटं, पाच मिनिटं. काल चाळीस झाली. त्यांची गाडी गेली तरी मी मनात म्हणत होते, सुटेल आता. मी माझी लाज वाचवत बसले होते, आणि बाहेर त्या पोरींचं वर्ष जात होतं.

आता का थांबलात? लिहा की. मघाचं खोडलंत? नाही खोडलंत ना? राहू द्या मग. तेही राहू द्या, हेही घाला. पण माझ्या शब्दांत घाला. ‘पाठ फिरवली नव्हती, फिरलेली होती.’ आणि त्याखाली — ‘हाक मारता येत होती, मारली नाही.’ असंच लिहा. आणि त्या बाईचा पत्ता असेल त्या कागदावर, तो मला द्या. नियमात बसत नसेल तर नका देऊ, पण मग तुम्ही कळवा तिला. उद्धट नव्हते म्हणावं. त्याहून वाईट होते.

हलकं काम? हेच म्हणाल वाटलंच होतं. बसून बोलायचं, याहून हलकं काम कुठलं असतं तुमच्याकडे? मला हलकं नको, मला मंगळवार द्या. दर आठवड्याचा एक मंगळवार, आणि पाटीशनमध्ये एक घंटी, तिकीटवाल्याला बोलवायला. एवढंच मागणं लिहा. घंटी मी वाजवेन. हो, वाजवेन. . . . वाजवेन हो.

सही? कुठे, इथे? नाही धरता येणार पेन आज. बोटं बघा ना. अंगठा? अंगठा नाही उठवणार मी, साहेब, शिकलेली बाई आहे. उद्या या. उद्या धरता येईल कदाचित, नाहीतर परवा. तुमचा अहवाल काही पळून जात नाही. या आता. नाही, हात नका देऊ. मला उठायचंय आणि त्याला वेळ लागतो, तुम्ही निघा. दार ओढून घ्या. पूर्ण ओढा.