हाताला लागलं पाहिजे

नाही हो ताई, फुकट आहे म्हणून वाईट असं काही नसतं — माझं अख्खं दुकान फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालतं, पैसे जातात ते थ्रीडी छपाईच्या मशीनवर आणि ती वितळवते त्या प्लास्टिकच्या तारेवर — पण आधी मला एक सांगा, तुमच्या या कुंड्यांवर झाडाची साल नुसती दिसायला हवी की हाताला लागायला हवी? हसू नका, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि जरा हळू बोलूया हां, त्या पडद्यामागे आई झोपलीये. मशीनच्या आवाजानं ती उठत नाही, माणसांच्या आवाजानं उठते.

हे बघा, तुमचंच मॉडेल. स्क्रीनवर काय सुरेख साल दिसतेय, भेगा काय, खवले काय! आणि छापून काय आलं? घोटलेल्या दगडासारखं गुळगुळीत. अहो, रडवेल्या होऊ नका, पहिल्या वेळी सगळ्यांचंच असं होतं. तुम्ही सालीचा फोटो वरून गुंडाळलाय, डब्याला कागद लावतात तसा. संगणक त्याला सावल्या देतो आणि आपल्याला वाटतं, वा, खडबडीत झालं. मशीनला सावल्या कळत नाहीत, तिला उंच-सखल कळतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, दुसरं काय? फोटोतलं काळं ते खोल, पांढरं ते उंच, असं मॉडेलच्या अंगातच कोरून घ्यावं लागतं — थांबा, एक मिनिट, मशीन बघू दे — हं. चाललंय. शेवटचे थर राहिलेत. आई उठायच्या आत झालं म्हणजे मिळवली.

तर काय सांगत होते — हां. ब्लेंडर म्हणून एक सॉफ्टवेअर आहे, फुकट, वाट्टेल ते करतं, पण शिकायला बसलात तर घरात स्वयंपाक व्हायचा नाही. आधी मॉडेलच्या पृष्ठभागाचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, मग फोटो द्यायचा, मग खोली ठरवायची — तुकडे कमी पडले तर सालीची ढेकळं होतात, जास्त पडले तर संगणक मान टाकतो. एवढा खटाटोप नको असेल तर छपाईआधी मॉडेलचे थर पाडणारा प्रोग्राम असतो ना, त्यातच कडा खरखरीत करायची सोय असते. पण ती आपली कशीही खरखर, पोत्यासारखी, तिला साल कोण म्हणेल? त्यापेक्षा हे तिसरं सॉफ्टवेअर घ्या, ब्राउझरमध्येच उघडतं. मॉडेल टाका, फोटो टाका, खोली कमी-जास्त करा, उतरवून घ्या. फोटो एवढासा असला तरी चालतो, तोच तुकडा शेजारी शेजारी लावत सगळीकडे पसरवतं, आणि सांधा म्हणून दिसत नाही. कुणाच्या लक्षात येत नाही हो. आज सकाळी घाईत मीही त्यातच केलं, हे आत्ता छापलं जातंय ते.

हे? हे काही नाही, काठीची मूठ आहे. घरचंच काम. वास येतोय ना लाकडाचा? या तारेत लाकडाचा भुसा मिसळलेला असतो, म्हणून हाताला प्लास्टिकसारखी थंडही लागत नाही. आता तुम्ही विचाराल, लाकडाचीच का नाही केली — अहो, खरी होती की! बाबांची काठी. बाबा गेल्यापासून आईच्या हातात तीच. मागच्या आठवड्यात दादानं ती आईच्या हातून घेतली, तिला बसमधून उतरवलं, आणि काठी राहिली बसमध्येच. सगळीकडे हिंडला बिचारा. मला म्हणाला, तू सांग आईला, तुझं ती ऐकते. आणि मी काय सांगितलं? पॉलिशला दिलीये. एवढंच. वेळ मारून नेली. आता रोज विचारते, झालं का गं पॉलिश? काल म्हणाली, मीच येते त्या पॉलिशवाल्याकडे.

डोळे? नाही, काहीच नाही दिसत. दोन वर्षं झाली. म्हणून तर — बघा, डॉक्टरांनी तिच्यापासून लपवलं, दादानं लपवलं, बरं होईल, बरं होईल म्हणत राहिले सगळे, आणि खरं मी सांगितलं. तिच्या पायाशी बसून सांगितलं. रडली नाही. म्हणाली, डोळे गेले तर जाऊ देत, तू तेवढी खोटं बोलू नकोस म्हणजे मला दिसल्यासारखंच आहे. तेव्हापासून गोळी कुठली, दार लागलंय का, दादाचा चेहरा उतरलाय का, सगळं मला विचारते. दादानं पुढे केलेली गोळी घेत नाही हो, आधी मला हाक मारते. आणि मी — एका काठीपायी — जाऊ दे. मूठ हातात आली की प्रश्न मिटला. दांडा बाजारातून आणलाय, त्याला कोण हात लावतंय! आकार मला डोळे मिटून येतो, अडलं होतं ते लाकडाच्या रेषांपाशी. मग बाबांचा एक फोटो सापडला, बोटांच्या फटीतून मुठीचं जेमतेम दोन बोटं लाकूड दिसत होतं, आणि त्यात ती गाठ! आईचा अंगठा सारखा त्या गाठीवरच असायचा. म्हटलं, देव पावला. तेवढाच तुकडा घेतला आणि —

थांबलं. झालं. बघा, बघा कशी उतरलीये! रेषा लागतायत ना बोटाला? दांड्यावर बसवते, एक मिनिट — हं, बसली घट्ट. तुम्हाला सांगितलं नसतं तर खोटी म्हणून ओळखू आली नसती.

अगं, उठलीस? हो, आले असते ना मी, भिंतीला धरून ये, सावकाश. या होय, या गिऱ्हाईक आहेत, कुंड्या करतात. आणि हे घे, काय आलंय बघ. पॉलिश झालं. धर.

बघ, गाठ आहे ना? तीच. अंगठा बरोबर गेला बघ तुझा! वास? पॉलिशचा असेल. हलकी? छे, एवढे दिवस हातात नव्हती म्हणून वाटतंय तुला — काय? कुठे? खाली कशी असेल, गाठ वरच असते ना. नाही गं. पलीकडेही? दे बघू — आई, दे ना इकडे, मी बघते. आधी नसतील लक्षात आल्या तुझ्या. जुनं लाकूड आहे, असतात गाठी — अगदी सारख्या? असतील सारख्या, मला काय ठाऊक, लाकूड काय मी —

कोण, या? त्यांना कशाला विचारतेस? आई, त्यांना काय कळणार लाकूड आहे की नाही? मला विचार ना. मी आहे ना इथे, मी सांगते. आई, इकडे, माझ्याकडे तोंड कर — ताई, तुम्ही काही बोलू नका. जा तुम्ही. दुकान बंद आहे.