गाठीपलीकडचा चिमटा

— नाही हो काका, आज चिठ्ठ्या नाहीत. आज एकच कागद आहे, तुमच्या मेलवर पाठवलाय, वरून दुसरा असेल बघा — हो, तोच, 'अर्ज' नावाचा. एकच प्रत. साधा कागद चालेल. घाई नाही मला — म्हणजे आहे, शाळेत मुख्याध्यापिका चारपर्यंतच असतात आणि आई म्हणाली आजच नेऊन दे — पण तुमचं ते आधीचं चाललंय ना, कुणाचा तो जाडजूड प्रबंध, ते होऊ द्या. मी थांबते. मला काही — आई ग! — नाही, काही नाही, तुमचा तो कटर. दर वेळी दचकते मी. आई म्हणते, हिच्यामागे कुणी टाचणी पाडली तरी ही छताला लागेल.

चिठ्ठ्या? टिकल्या की. एकीचाही कोपरा सुटला नाही. तुम्ही विचारलं होतं तेव्हा, एवढ्या पंचवीस चिठ्ठ्या प्लास्टिकमध्ये दाबून कशाला हव्यात, दुकान काढताय की काय — आणि आई नुसती हसली होती. आता सांगायला हरकत नाही. कपड्यांच्या चिमट्यांवर चिकटवल्या त्या. स्वयंपाकघरात खिडकीपासून कपाटापर्यंत एक दोरी, दोरीच्या मधोमध एक गाठ. गाठीच्या अलीकडे राहिलेली कामं, पलीकडे झालेली. काम झालं की चिमटा उचलायचा आणि पलीकडे लावायचा. आणि नियम एकच, आईनं, म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाईंनी केलेला, तेव्हा मोडायची सोय नाही — ज्यानं काम केलं त्यानंच चिमटा हलवायचा, आणि काम झाल्यावरच.

का म्हणजे... तिला आठवायचं नाही हो. दोन वर्षं झाली. पाळी जायच्या आधी होतं ना बायकांचं — शी, तुमच्याशी काय बोलतेय मी हे — काकूंनाही? बरं. मग तुम्हाला माहीत आहे. अंगातून वाफा, रात्र रात्र झोप नाही, आणि डोकं असं की मैदानावर तोंडात शिट्टी धरून आई शिट्टी शोधायची. मुली हसायच्या, तीही हसायची. पण घरी येऊन एकदा ती मला म्हणाली, "अगं, मी आज वर्गात उभी होते आणि 'रांग' हा शब्दच येईना. हातानं दाखवलं, अशा अशा उभ्या राहा." बावीस वर्षं जी बाई तो एकच शब्द ओरडतेय! आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "आई, तुझा मेंदू रजेवर गेलाय, अर्ज तरी दिला होता का त्यानं?" विनोद. फार विनोदी आहे मी.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, घाबरू नका, पुष्कळजणींना होतं हे, तोवर डोक्यावर भार टाकू नका, कागदावर टाका. एका वेळी एकच काम. वस्तूंना ठरलेल्या जागा. आईनं ते स्पर्धेच्या तयारीसारखं अंगावर घेतलं. शिट्टीला दाराशी खिळा. रविवारी बसून आठवड्याचे चिमटे निवडायचे, दिवसाला तीनच मोठी कामं, त्यातलं सगळ्यात किचकट सकाळी, डोकं ताजं असताना. आणि जमलं हो तिला! सहा महिन्यांत एकही गोष्ट राहिली नाही. रात्री दिवा घालवण्याआधी दोरीसमोर उभी राहायची, सगळे चिमटे पलीकडे बघून म्हणायची, "चला, आजचा दिवस माझ्याकडून सुटला नाही." तेव्हा तिचा चेहरा — असो. ते पान अडकलंय बघा तुमचं.

मग आता अर्ज कसला? वाचलात वाटतं. नाही, वाचा, शुद्धलेखन बघाच, तिनं मला सांगितलं होतं बघायला आणि मी — मी दुसऱ्या ओळीच्या पुढे गेलेच नाही. हो, राजीनामा. थकली ती. आणि एक फॉर्म राहिला तिच्याकडून. म्हणजे राहिला. आंतरशालेय स्पर्धेचा, चार मुलींच्या रिलेचा. गुरुवारी पाचपर्यंत पाठवायचा होता, सोमवारी यादी लागली आणि तीत आपली शाळाच नाही. त्या चारजणी वर्षभर पहाटे येत होत्या हो. उंच मुलगी आहे एक त्यांच्यात, तिचं वय पुढच्या वर्षी बसत नाही, तिची ही शेवटचीच. ती आईला म्हणाली, "मॅडम, असू दे." एवढंच. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

राहिला कसा? चिमटा तर पलीकडे होता, तेच तर! 'फॉर्म' लिहिलेला चिमटा गाठीच्या पलीकडे, नीट, सरळ. आई सोमवारी चपला न काढता स्वयंपाकघरात आली आणि त्याच्याकडे बघत राहिली. फोन उघडला तर फॉर्म पूर्ण भरलेला — नावं, जन्मतारखा, फोटो, सगळं — आणि खाली 'पाठवा'चं बटण तसंच. "म्हणजे मी न पाठवताच चिमटा हलवला," म्हणाली. "म्हणजे आता दोरीचाही भरवसा नाही." ती ना — काय? नाही, मी रडत नाहीये, तुमच्या शाईचा वास लागतो मला.

गुरुवारी काय झालं सांगू? आई तीन रात्री झोपली नव्हती. चारला शाळेतून आली, सोफ्यावर पडली आणि डोळे मिटतामिटता म्हणाली, "फॉर्म भरून झालाय ग, तेवढं शेवटचं बटण दाब आणि मग चिमटा हलव." मी हो म्हणाले. मी दोरीपाशीच उभी होते, तिचा फोन पलीकडे टेबलावर — आणि मी आधी चिमटा हलवला. जवळ होता म्हणून! काम दोन पावलांवर होतं, चिमटा हाताशी होता. तेवढ्यात माझा फोन वाजला, मी दचकले, मुलाखतीसाठी बोलावणं होतं, मी बोलतबोलत गॅलरीत गेले आणि... तेवीस वर्षांची आहे मी. रात्री गाढ झोपते. माझ्या डोक्याला काय झालं होतं? आणि त्या नोकरीचंही काही झालं नाही, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते.

विसरले, ते एक. माणूस विसरतो. पण सोमवारी आईनं मला विचारलं ना! अगदी हळू, जणू माझ्यावर आळ येईल म्हणून तिलाच भीती — "मी तुला काही सांगितलं होतं का ग? अर्धवट झोपेत? मला पुसट वाटतंय." आणि मी म्हणाले, "नाही, आई." काका, आधीची आई असती ना, तर तिनं माझा चेहरा बघून तिथंच उलटतपासणी घेतली असती. नखातली माती ओळखणारी बाई ती. पण तिनं नुसती मान हलवली. लगेच. वाद नाही, शंका नाही. तिच्या आठवणीपुढे माझा एक शब्द, आणि तिनं माझा शब्द धरला. मी रडायला लागले तर मलाच जवळ घेतलं, म्हणाली, "वेडे, तू कशाला रडतेस, चूक माझी आहे." आणि मी रडले. तिच्या खांद्यावर. छान, पोटभर.

दोरी काढली तिनं. चिमटे डब्यात. काल गॅस बंद केलाय का ते बघायला पाच वेळा उठली, मी मोजलं, आणि पाचव्यांदा मला हाक मारून म्हणाली, तू बघून सांग, तुझ्यावर विश्वास आहे माझा.

झाला तुमचा प्रबंध? मग लावा आमचा — नाही, थांबा. थांबा ना! आलं का पान बाहेर? 'माझ्या विसरण्यामुळे विद्यार्थिनींचे नुकसान झाले असून' — बघा, शुद्धलेखन बिनचूक आहे. फक्त 'माझ्या' चुकलंय. हे द्या इकडे. नाही, फाडत नाही, घडी घालतेय. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन तोंडीच — आई ग! — माझाच फोन. तिचाच आहे.

हॅलो. हो, दुकानातच आहे. झाली, एक प्रत. नाही, शाळेत नाही गेले अजून. आई, ऐक — तू परवा विचारलंस ना मला, काही सांगितलं होतं का म्हणून. सांगितलं होतंस. गुरुवारी, सोफ्यावर. बटण दाब आणि मग चिमटा हलव, अगदी अस्संच म्हणाली होतीस. तुला बरोबर आठवत होतं, आई. चिमटा मी हलवला. ...आई?

काका, ते मशीन जरा बंद करता? काही ऐकू येत नाहीये.

...नाही. राहू दे. मशीन नाही. तिनं फोन बाजूला ठेवलाय, चिमट्यांचा डबा उघडतेय.