मिठबावच्या रायफलीचा खटका

दि. २८ मार्च २०२३, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

नाव बाप्तिस्त कायतान फर्नांडिस, वय ६३ वर्षे, शिक्षण सातवी, धंदा परवानाधारक बंदूक दुरुस्ती, रा. सावंतवाडी.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो असून सांगतो ते असे:

मी पूर्वी बाजारात कोयत्यांना धार लावायचो. बंदुकीचे काम बघून बघून शिकलो. एकतीस वर्षे परवाना माझ्या नावे आहे. मिठबावचे आंबा बागायतदार परशुराम लोके, वय ६६, यांची शेतीसंरक्षण परवान्याची रायफल पहिल्यापासून माझ्याकडेच येते. वानरे पळवण्यासाठी ते हवेत बार काढतात. आमचे येणे-जाणे घरच्यासारखे आहे.

दि. १४ मार्च रोजी दुपारी दोनच्या सुमारास परशुराम व त्यांची पत्नी सावित्री, वय ६१, रायफल घेऊन दुकानात आले. सोबत तिने आंबोशीची बरणी आणली होती. परशुराम यांचे उजव्या हाताचे चाप ओढायचे बोट संधिवाताने वळत नाही. सावित्री म्हणाली, "बाप्तिस्तबाब, चाप हलको करून दियात. ह्यांचा बोट सुजता आणि तेल माका चोळूचा लागता. घोव म्हातारो झालो, वानरां तरणीच आसत."

परशुराम म्हणाले, "बोल्टाचो खडाक वानरां बागेच्या त्या टोकाक आयकतत. त्यांचे कान तुझ्यापेक्षा तिखट. म्हणान मी उजाडायच्या आधीच मचाणावर भरून, बोल्ट चढवून ठेवतंय."

मी हसलो. असे ठेवू नको म्हणून सांगितले नाही.

विचारल्यावरून सांगतो की, चाप ओढल्यावर आत जो पोलादी तुकडा सुटतो त्याला आम्ही खटका म्हणतो. तो घासला की चाप हलका होतो; त्यासाठी माझ्याकडे खास शिकंजा आहे. खटका त्यात पकडला की धारेचा कोन हलत नाही, वरून तेलाचा दगड फिरवायचा. हा शिकंजा मी स्वतः बनवला आहे. खटक्याला वरून पाणी पाजून कडक केलेली पातळ साल असते, आत पोलाद मऊ असते. कडक सालीवर दगड किणकिणतो. शेवटच्या तीन-चार फेऱ्यांना आवाज बदलला. घसघस आली, म्हणजे साल संपून दगड मऊ पोलादाला लागला. मी ती ऐकली.

त्या वेळी खटका बाद करून नवीन मागवायला हवा होता. त्याला महिना लागला असता. आंबा तयार होत होता, आणि सावित्री एसटी चुकेल म्हणून घड्याळ बघत होती. मी तोच खटका बसवला. धक्क्याने आपोआप सुटतो का म्हणून लाकडी हातोडीने तीन वेळा ठोकून पाहिले, सुटला नाही. सावित्रीने रिकामी रायफल हातात घेऊन एका बोटाने चाप ओढला व म्हणाली, "आता माका जमता." तिघेही हसलो. चारच्या गाडीने ते गेले.

दि. २६ मार्च रोजी सकाळी सव्वासातला परशुराम यांचा फोन आला. ते म्हणाले, "सावित्री पेज घेवन इली. खालसून तिना टोप वर दिल्यान, मी दोनय हातांनी घेतलंय, आणि रायफल मचाणावरसून घसरली, बार सुटलो. सावित्री गेली रे, बाप्तिस्त." नंतर म्हणाले, "चाप मीच ओढलंय. तुझो हात लागलोच नाय. विचारल्यानी तर असांच सांग."

परशुराम यांनी जबाबात चाप आपण ओढला असे लिहून दिल्याचे मला आज समजले. ते खोटे आहे. त्यांचे दोन्ही हात टोपाला होते. रायफल चापाशिवाय सुटली. ती भरून ठेवली ही त्यांची चूक, पण घासलेला खटका माझा.

शिकंजा, दगड व दुरुस्तीची वही हजर करीत आहे. शिकंजा परत मिळू नये.

आंबोशीची बरणी अद्याप उघडलेली नाही. तिचा या कामी उपयोग नाही असे साहेबांनी सांगितल्याने ती माझ्याकडेच आहे.

आवाज बदलल्याचे वाक्य माझ्याच अंगावर येईल, ते गाळू का, असे साहेबांनी मला विचारले. मी नको म्हटले. जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ते वाक्य मी दोनदा वाचायला लावले. मी सांगितले तसेच लिहिले आहे, बरोबर आहे.

सही: बा. का. फर्नांडिस