तिकिटाच्या मागं लिहिलेली बाकी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आगाराचे व्यवस्थापक माननीय जंगमसाहेब, व्यासपीठावर बसलेले तपासणी पथकाचे माननीय खराडेसाहेब, कामगारांच्या वतीने ही सगळी मांडामांड करणारे नाथाजीभाऊ, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती भाऊसो धोंडीबा होवाळ, म्हणजे आम्हा प्रवाशांचे होवाळमामा, त्यांच्या शेजारी बसलेल्या बाळाबाईकाकू, आणि ड्यूटी सांभाळून आलेल्या व चुकवून आलेल्या सर्व चालक-वाहक मंडळींनो!

माझं नाव विश्वजीत. गाव कडेगाव तालुक्यात, मुक्काम सांगलीत. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून कॉलेज सोडलं. का सोडलं ते आजच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही. सध्या हळदीच्या वखारीत पोत्यांच्या वजनाची नोंद ठेवतो. प्रवाशांच्या वतीनं पाच मिनिटं बोलतो, असं सांगून नाथाजीभाऊंकडून मी वेळ मागून घेतला. विषय विचारला तेव्हा म्हटलं, "शहर बसचं भाडं आणि तिकीट." ते म्हणाले, "हे काय निरोपाला बोलायचं आसतंय व्हय रं?" माझ्या मते असतंय. एकतीस वर्षं ज्या माणसानं तिकिटं फाडली, त्याच्याबद्दल दुसरं काय बोलणार? शिवाय आज एकतीस तारीख. पावणेसहाला कचेरी बंद होते. तेवढ्यात एक काम उरकायचं आहे, ते ओघात येईल.

तर भाडं. मुंबई-पुण्याला बसमार्गांचं एवढं जाळं असतं की भाड्याचा तक्ता वाचायलाच एक थांबा जातो म्हणतात. आपलं तसं नाही. सांगली स्टँड ते मिरज स्टँड, सरळ रस्ता, त्याचे टप्पे पाडलेले. विश्रामबागपर्यंत दोन रुपये, मिरजेपर्यंत तीन. टप्पा ओलांडून चार पावलं पुढं उतरलात तरी पुढच्या टप्प्याचे पुरे पैसे. यावर रोज भांडणं होतात. आमच्या बसला भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या तानुबाई मावशी आहेत. त्यांचं घर टप्प्याच्या खांबापुढं शंभर पावलांवर, लिंबाच्या झाडाखाली. त्या एकदा होवाळमामांवर कडाडल्या, "त्या लिंबापतुर जायाला आनखी आठ आनं? लुटताय काय?" मामा शांतपणे चिमट्यानं तिकिटाला भोक पाडत म्हणाले, "मावशी, लिंब आलीकडं लावायचा हुता." सगळी बस हसली. मावशी खांबाशी उतरल्या, पण पाटी खाली घ्यायला मामाच उतरले. भाडं चुकू दिलं नाही आणि माणूसही तोडलं नाही. हे जमायला काय लागत असेल, असा मला प्रश्न पडतो. मला स्वतःला यातलं एकही जमत नाही. मी आधी भांडतो, मग कशावरून ते आठवतो.

मिशा फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणाऱ्या आया, पास घरी राहिला म्हणणारे विद्यार्थी, या गोष्टी आपण सर्वांनी पाहिलेल्या आहेत, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते सुट्ट्या पैशांवर.

नवख्या माणसाला ही पद्धत माहीत नसते, म्हणून सांगतो. सकाळच्या बसला कंडक्टरकडं सुट्टे नसतात आणि प्रवाशाकडं त्याहून नसतात. तुम्ही दहाची नोट दिलीत, तिकीट तीनचं झालं. कंडक्टर तिकीट देतो आणि पेन्सिलीनं त्याच्या मागं लिहितो, 'बाकी ७'. उतरायच्या आधी ते तिकीट दाखवायचं, सात रुपये घ्यायचे, कंडक्टर ती नोंद खोडतो. होवाळमामांची पेन्सिल निळी. सात काढताना ते वरती छोटी आकडी वळवतात, ती आपण सगळे ओळखतो.

आता यातली अडचण बघा. बाकी परत दिली जात नाही तोपर्यंत कंडक्टरच्या पिशवीत विकलेल्या तिकिटांपेक्षा जास्त पैसे असतात. मध्येच तपासणी आली तर कंडक्टर सांगतो, "साहेब, अमक्याचे इतके द्यायचे हायत." अमका तिकीट वर करतो. विषय संपतो.

या महिन्याच्या वीस तारखेला अमका मी होतो.

(नाथाजीभाऊ, तुमची चिठ्ठी मिळाली. 'आवर' असं लिहिलंय. आवरतो.)

माझं घर सांगलीत, वखार सांगलीत, आणि जून महिन्यापासून मी रोज सकाळी साडेआठच्या बसनं मिरजेला जात होतो आणि त्याच बसनं परत येत होतो. मिरजेत माझं काहीही काम नाही. त्या बसमध्ये एक मुलगी बसते. ती विश्रामबागला उतरते. तिचं नाव सांगणार नाही, गाव आणि कामही नाही. थांबा सांगावा लागला, कारण त्याशिवाय हिशेब जुळत नाही, आणि त्या थांब्यावर रोज शंभर जणी उतरतात. मीही विश्रामबागचं तिकीट काढलं असतं तर मी तिच्या मागं लागलोय हे दिसलं असतं, म्हणून मी मिरजेचं काढायचो. यात मला फार हुशारी वाटत होती. चार महिन्यांत आमचं बोलणं झालं ते "खिडकी लावता का?" आणि "लावतो," एवढंच. पावसाळा होता.

वीस तारखेला मी दहाची नोट दिली. मामांनी मिरजेचं तिकीट दिलं, मागं 'बाकी ७' लिहिलं. विश्रामबाग जवळ आलं आणि माझं डोकं फिरलं. ते कशानं फिरतं हे मला आजवर कळलेलं नाही. कॉलेजातही असंच फिरलं होतं. मी खिशातलं पेन काढलं आणि त्याच तिकिटाच्या मागं, बाकीच्या खाली, एक ओळ लिहिली. दुसरा कागद नव्हता. ती उठली तेव्हा तिकीट तिच्या हातातल्या पुस्तकात सरकवलं. तिनं बघितलं आणि उतरली. दारात मामा उभे होते. त्यांनीही बघितलं.

पुढच्याच थांब्याला खराडेसाहेब आपल्या दोन माणसांसह चढले.

साहेब, आपण इथं आहात, आणि आपण आपलं काम चोख केलंत, हे मी सर्वांसमोर सांगतो. आपण मला विचारलंत, "तिकीट?" मी रिकामे हात दाखवले. "पैसे दिलेस का?" म्हटलं, "दिलेत." "मग तिकीट कुठाय?" त्यावर मी काय म्हणालो, हे आपल्याला आठवत असेल. मी आवाज चढवून म्हणालो, "मला काय इचारताय? त्यास्नी इचारा की!"

आपण त्यांना विचारलंत. मामा म्हणाले, "तिकीट दिलंय साहेब. पोराकडनं कुठंतरी पडलं आसंल." पिशवी मोजली. सात रुपये जास्त. आपण विचारलंत, "हे कुणाचे?" मामा म्हणाले, "बाकी द्यायची हाय एकाची." "कुणाची?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

मामा म्हणाले, "इसरलो साहेब."

मग जबाब लिहिला गेला. प्रवाशाने भाडे दिले, वाहकाने तिकीट दिले नाही, रोकड जास्त आढळली. मी खाली सही केली. वाचलं नाही. वाचण्यासारखं डोकं त्या वेळी माझ्याजवळ नव्हतं. दंड द्यावा लागला नाही म्हणून मला जरा बरंही वाटलं, हेसुद्धा सांगून टाकतो.

सभागृहातल्या कामगार मंडळींना या नोंदीचा अर्थ मी समजावून सांगायची गरज नाही. पैसे घेऊन तिकीट न देणं यापेक्षा वाईट नोंद कंडक्टरच्या नावावर दुसरी नसते. एकतीस वर्षांत मामांच्या कागदावर एकही रिपोर्ट नव्हता. आणि निवृत्तीला अकरा दिवस राहिले असताना तो लागला. आज शाल मिळाली, नारळ मिळाला, पण त्यांच्या शेवटच्या कागदावर 'चौकशी प्रलंबित' असं लिहिलं जाणार आहे. आज जंगमसाहेबांनी सत्कार करताना सगळे शब्द वापरले, फक्त 'निष्कलंक' तेवढा टाळला. साहेब, मी मोजत होतो. मला राग आपला आला नाही.

मला हे सगळं कधी कळलं? चार दिवसांनी, वखारीत. पोती मोजताना आकडा जुळेना म्हणून मी उलटा हिशेब करत होतो, आणि एकदम तो सातचा आकडा डोक्यात आला. मामांनी तिकीट न देता माझी नोट खिशात घातली असती, तर पिशवीत सात कशाला जास्त निघतील? न देता पिशवीत ठेवली असती तर दहा जास्त निघाले असते. तिकीट न देता सात परत केले असते तर तीन निघाले असते. सात जास्त निघायचा अर्थ एकच. तीन रुपयांचं तिकीट विकलं गेलंय आणि सात परत द्यायचेत. मी दहाची नोट दिली होती, हे जबाबात नव्हतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या रविवारी मी मामांच्या घरी गेलो. बाळाबाईकाकूंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तूच व्हय रं त्यो? मिरजंचं तिकीट काढून तसाच माघारी येणारा?" म्हणजे जूनपासून माझी हुशारी त्या घरात रोज संध्याकाळी चहाबरोबर चालली होती. मी मामांना म्हटलं, "तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही? तुम्हाला तर सगळं दिसलं होतं." मामा म्हणाले, "सांगितलं आसतं तर त्या पोरीला बोलावलं आसतं. तिचं नाव जबाबात आलं आसतं. कागूद लय फिरतो गड्या. माझं काय, मी आता घरीच बसणार हाय."

काकू मध्येच बोलल्या, "घरी बसणार, पर कसं बसणार ते न्हाई सांगत. आठ दिस झालं, भाकरी मोडून नुसती ताटात ठेवत्यात." मामा म्हणाले, "गप गं." त्या गप्प बसल्या नाहीत. मला चहा दिला, आणि कप ठेवताना म्हणाल्या, "तुला बोलायला तोंड हाय न्हवं? गाडीत तर लय वाजतंय म्हणं."

मग मी ते तिकीट मागायला गेलो. विश्रामबागच्या थांब्यावर, दिवसाउजेडी, चार बायका ऐकत असताना. तिला सगळं सांगितलं. तिनं पुस्तक उघडलं. तिकीट त्यात होतं. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं, कारण ती लगेच म्हणाली, "खूण म्हणून ठेवलं होतं. दुसरं काही समजू नका." मी म्हटलं, "समजलो नाही." ती म्हणाली, "आणि जे लिहिलंय त्याचं उत्तर नाही असं आहे. होवाळमामांसाठी हे देते. माझं नाव कुठं घ्यायचं नाही. आणि उद्यापासून मिरजेचं तिकीट काढायचं नाही." मी म्हटलं, "बरं." आयुष्यात एवढ्या कमी शब्दांत मी कुणाशी बोललेलो नाही.

जंगमसाहेब, हे ते तिकीट. आपल्या हातात देतो. पुढच्या बाजूला नंबर आहे, भोक मिरजेच्या आकड्यावर आहे. नंबर त्या दिवसाच्या नोंदीशी ताडून बघा. विश्रामबागच्या आधी विकलेल्यांतच तो सापडेल. मागं निळ्या पेन्सिलीत 'बाकी ७'. ते अक्षर कुणाचं, हे या सभागृहात कुणालाही विचारा. त्याखाली शाईनं जे लिहिलंय ते माझं अक्षर. खात्री व्हावी म्हणून वाचून दाखवतो, हसायचं त्यांनी हसून घ्यावं. 'उद्या मीही विश्रामबागलाच उतरू का?'

हसलात, ठीक आहे. मागच्या रांगेतली शिट्टी मात्र नको होती. शिट्टी वाजवणाऱ्यानं कार्यक्रमानंतर बाहेर भेटावं. नको, भेटू नये. मी आज भांडणार नाही असं काकूंना सांगून आलोय.

आणि हा माझा नवा जबाब. पान दीड. नोट दहाची होती, तिकीट मिळालं होतं, ते मी स्वतः दुसऱ्याला दिलं, आणि साहेबांनी विचारल्यावर खरं सांगितलं नाही, हे सगळं त्यात आहे. दुसरा कोण ते लिहिलेलं नाही, लिहिणार नाही. त्याबद्दल जो दंड असेल तो माझ्याकडून घ्यावा. हा कागद मी दोनदा वाचून मग सही केली आहे. जुन्या जबाबाखाली खराडेसाहेबांची सही आहे, म्हणून याही खाली साक्षीदार म्हणून त्यांचीच हवी. ती झाली तर जंगमसाहेब तो रिपोर्ट आजच्या आज निकाली काढू शकतात, असं नाथाजीभाऊंनी मला सांगितलंय. कशासाठी विचारतोय हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. म्हणून आता ते असे बघतायत.

मामा, तुम्ही उठू नका. तुमचा सत्कार आहे, तुम्ही बसून राहायचं.

समारोपाला वक्त्यानं आभार मानायचे असतात. आगाराचे, नाथाजीभाऊंचे, आणि ज्या प्रवासी भगिनीनं तिकीट जपून ठेवलं आणि परत दिलं, तिचे मी आभार मानतो. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या, असंही म्हणायची रीत आहे. माझं जे चुकलं ते भाषणाच्या अकरा दिवस आधी चुकलं. त्याची माफी मी सभेकडं मागत नाही. होवाळमामा आणि बाळाबाईकाकू, तुमच्या दोघांकडं मागतो. द्यायची की नाही ते घरी जाऊन सावकाश ठरवा.

खराडेसाहेब, पेन हवं असेल तर माझ्याकडं आहे. माझ्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झालीत. सही होईपर्यंत मी हा माईक सोडणार नाही, तेवढा उद्धटपणा मात्र आपण सर्वांनी पोटात घालावा.