कालवणातली गोळी

आमचं घर पनवेलच्या खाडीला लागून, कोळीवाड्यात. बाबा आदी होडीवर, मग खाडीत मासळी कमी झाली तसा उरणच्या बंदरावर कामाला लागला. आई बाजारात पाटी घेऊन बसायची, ती मी आठ वर्षांची असताना बसायची बंद झाली, कारण तिला वाटायला लागलं की जेवणात कोणतरी कायतरी घालतंय. काय सांगू तुमाला, ते खोटं होतं, पण फार दिवस खोटं राहिलं नाय. डाक्टरानं गोळ्या दिल्या, आई गोळीला हात लावीना, मग बाबा म्हणला, कालवणात घाल, चिंच जास्त टाक, कडू लागणार नाय. घालणारी मी, कारण आई फक्त माज्या हातचं खायची. माजी पोर मला फसवणार नाय म्हणायची, तरी पयला घास मला खायला लावायची. मी खायची आणि वर्गात डोळे मिटायचे. शाळेनं मला सर्वांत शांत मुलगी म्हणून बक्षीस दिलं, पाहुण्यांनी शांततेवर अर्धा तास भाषण केलं, त्यातपण मी झोपली.

गोळीनं आई सुधारली, हे खरं. पण दर नवरात्रात बिघडायची. पाचव्या-सहाव्या माळेला बडबड सुरू, केस मोकळे, नजर एका जागी. वाड्यातल्या बाया म्हणाल्या, देवी आली. ओटी भरायला रांग लागायची, एक नगरसेवकपण पाया पडून गेला, निवडणूक जवळ होती. तिसऱ्या वर्षी, मी अकराची, कालवणाचं रिकामं टोप बघून मला कळलं. नऊ दिवस उपास, मासळी नाय, कालवण नाय, उपासाचं ती स्वतः करायची, म्हंजे गोळीच नाय. बाबाला सांगितलं. तो म्हणला, गप, लोकं बाहेर बसलीत.

आठव्या माळेला आई मळवटासकट चालत सुटली, थेट पळस्प्याच्या हायवेला, मागं बाया आरतीचं ताट घेऊन. देवीला कोण अडवील? ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, ट्रक तिच्या पदराला लागून थांबला. मी तिच्या पायांना मिठी मारली आणि सगळ्यांसमोर ओरडली की ही देवी नाय, मी हिला कालवणातून गोळी देते. आई एकदम शांत झाली. एवढंच म्हणली, तूच होतीस व्हय.

तवापासून माज्या हातचं खात नाय. बिस्किटाचा पुडा स्वतः फोडते, अंडं स्वतः सोलते. पुढं एक डाक्टरीण भेटली, तिनं गोळ्यांची पट्टी आईच्याच हातात दिली. पट्टी कंपनीनं सील केलेली, म्हणून ती आईला चालते. गोळीवर विश्वास हाय, माज्या भातावर नाय. अशी सोळा वर्षं बरी गेली बघा.

आता मी खारघरला सैंपाकाची कामं करते, चार घरं मुकाट माज्या हातचं खातात. आई माज्याकडंच. माजी पोरगी पाच वर्षांची, ती आजीला भरवते, आणि आजी तिच्या हातचं खाते, तोंड उघडून, काय बघत नाय. गेल्या सोमवारी आईनं पट्टी खिडकीतून टाकली. म्हणते, कोणतरी फोडून मागून परत चिकटवलीय. डाक्टरीण पुढच्या आठवड्यात येणार. नवरा चांगला माणूस, काल हळूच म्हणला, पोरीच्या हातून भातात दे की, तिला काय कळतंय. मी म्हटलं, सगळं कळंल.

गोळीविना आज चौथा दिवस. आई भिंतीशी बोलायला लागलीय. देव माज्या आईचं भलं करो आणि पोरीचंपण. दोघींचं एकदम होईल असं मला तरी दिसत नाय.